स्लॅब पडायच्या आधी खाली वाकून बघ

मनू, काल फोनवर तू घराचं सगळं सांगितलंस. ओटा कुठे, देवघर कोणत्या कोपऱ्यात, पोर्चमध्ये कोटा की टाइल्स, गच्चीवर तुळशीला कट्टा. अर्धा तास मी ऐकत होते आणि वाट बघत होते, की आता ही संडासाच्या टाकीचं काहीतरी बोलेल. शेवटी मीच विचारलं, तर म्हणालीस, "ते ठेकेदार बघतो ना ताई." तिथेच माझ्या पोटात धस्स झालं. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि पोरांच्या गडबडीत विसरतेस, म्हणून दुपारी सगळं आवरून लिहायला बसले. हे जपून ठेव, जावयांनाही वाचायला दे.

मी एवढी का धास्तावले, ते आधी सांगते. आमच्या हुडकेश्वर रोडच्या घरी दुसऱ्याच वर्षी महालक्ष्म्या बसल्या होत्या. तू तेव्हा बाळंतीण होतीस, म्हणून आली नव्हतीस, आणि मी तुला कधी पूर्ण सांगितलंही नाही. तीन दिवस पावसाची झड लागलेली. जेवणाच्या दिवशी पन्नास पानं उठायची होती. आत पुरण शिजतंय, आंबील झाली, सोळा भाज्या चिरून ठेवलेल्या. बाराच्या सुमारास मागच्या संडासात कुणीतरी पाणी टाकलं, तर ते खाली जाण्याऐवजी वर यायला लागलं. पाच मिनिटांत शेजारच्या न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. मी जुन्या साड्या दाराला लावल्या, पाहुण्यांना शेजाऱ्यांच्या घरी पाठवलं आणि देवीसमोर बसून रडले. सासूबाई सोवळ्यात होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी माणसं बोलावली, तर टाकीचं झाकण कुठे आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पोर्चच्या टाइल्स चार ठिकाणी फोडल्या तेव्हा सापडलं. आत बघितलं, तर ती टाकी नव्हतीच. चार भिंती, खाली नुसती माती, मध्ये पडदी नाही, पाइपला वाकण नाही, हवेचा पाइप नाही. पुढे एक खड्डा काळ्या मातीत खणून दगड भरलेले, आणि तो पावसाच्या पाण्याने काठोकाठ. मैल्याला जायला जागाच उरली नव्हती. बांधताना मी रोज साइटवर जात होते गं. खिडक्यांच्या ग्रिलचं डिझाइन तीनदा बदलून घेतलं होतं. या खड्ड्यात मात्र एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

त्या दिवशीचं आणखी एक आहे, ते मी पुढे सांगेन. आधी ही टाकी काम कशी करते ते समजून घे. ते समजलं की मिस्त्री काहीही म्हणाला तरी तुला बरोबर काय विचारायचं ते सुचेल.

ही टाकी मैला साठवायची कोठी आहे असं आपण समजतो. खरं तर ती आपल्या वरणाच्या पातेल्यासारखी आहे. वरण निवांत ठेवलं की जड डाळ तळाला बसते, वर फेस येतो आणि मधे निवळ पाणी राहतं. टाकीतही तेच होतं. जड मैला तळाला गाळ होऊन बसतो, तेल आणि हलकं काही असेल ते वर सायीसारखं धरतं. मधलं पाणी पलीकडच्या पाइपने हळूहळू बाहेर पडतं. तळच्या गाळात हवेवाचून जगणारे जिवाणू असतात. ते गाळ खातात, त्याचा वायू करतात, म्हणून गाळ हळू वाढतो. पण वाढतो. टाकी कधीच भरत नाही, असं जो ठेकेदार सांगेल त्याची टाकी तळाला फुटकी आहे असं समज.

आणि बाहेर पडणारं पाणी? ते दिसायला निवळ असलं तरी स्वच्छ नसतं. त्यात निम्मीशिम्मी घाण शिल्लक असते, रोगजंतू तर असतातच. त्याला जमिनीत मुरवून किंवा गाळणीतून नेऊन शुद्ध करायचं काम अजून बाकी असतं. टाकी आणि हे मुरवणं मिळून एक व्यवस्था होते. आपल्याकडे पहिलं अर्धं बांधतात आणि दुसरं रस्त्याकडेच्या नालीवर सोडतात.

त्या वायूचंही ऐक. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे. सव्वाशे वर्षं झाली. इंजिन चालवण्याइतका पेट घेणारा वायू आपल्या पोर्चखाली तयार होत असतो. त्याच्यासोबत सडक्या अंड्याच्या वासाचाही एक विषारी वायू असतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. म्हणून हवेचा पाइप लागतो. म्हणूनच झाकण उघडून काडी पेटवून आत बघायचं नसतं, आणि डोकं आत घालून तर नाहीच नाही.

आता मापं. ही मी मनाने सांगत नाही, आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत आणि भारतीय मानक २४७० मध्ये छापलेली आहेत. टाकीची आतली रुंदी कमीत कमी ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली कमीत कमी १ मीटर, लांबी रुंदीच्या निदान दुप्पट, आणि माणशी निदान ८५ लिटर जागा. तुम्ही सहा जणं, म्हणजे हिशेबाने ५१० लिटर झाले. पण नुसती किमान मापाची टाकी, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, एक मीटर खोल, धरली तरी ११२५ लिटर होतात. मी तुला त्याहून मोठी सांगेन. तुझ्याकडे दिवाळीला नणंदा येतात, उन्हाळ्यात आमची पोरं येतात. दहा माणसांचं माप धर: लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर. मिस्त्रीच्या भाषेत साडेसहा बाय तीन फूट, आणि पाण्याच्या वर फूटभर मोकळी जागा धरून आतली खोली साडेपाच फुटांच्या थोडी वर. यात अडीच हजार लिटर मावतात, आणि दोन वर्षांचा गाळ निवांत बसतो.

दोन हजार लिटरच्या वरच्या टाकीला दोन कप्पे हवेत. पडदी मधोमध घालायची नाही. पहिला कप्पा दोन तृतीयांश, म्हणजे साडेसहा फुटांतले सव्वाचार फूट, आणि उरलेला दुसरा. गाळ जास्तीत जास्त पहिल्यातच बसावा, दुसऱ्यात निवळ पाणी यावं. पडदीला भोक ठेवायचं ते पाण्याच्या मधल्या उंचीवर, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही पलीकडे जाणार नाहीत. येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही पाइपांना टाकीच्या आत टी लावायची, तिचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं हवं. ही टी म्हणजे शंभर-दोनशे रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा, आणि आमच्या घरी नेमका तोच नव्हता. तो नसला की साय सरळ शोषखड्ड्यात जाते आणि खड्ड्याची तोंडं बुजतात. बाहेर जाणारा पाइप येणाऱ्या पाइपापेक्षा दोन इंच खाली हवा, हे टेपने मोजून घे. आणि येणारा पाइप चार इंचांपेक्षा बारीक नको.

हवेचा पाइप निदान दोन इंची हवा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर त्याचं टोक घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यायचं, असं नियमात आहे. आपल्या प्लॉटवर टाकी घराला लागूनच असते, म्हणजे पाइप गच्चीच्याही वर जाणार. टोकाला डासांची बारीक जाळी. दिसायला बरं नाही म्हणून कुणी तो पोर्चच्या उंचीवर कापू म्हणेल, कापू देऊ नकोस.

आणि झाकण. दोन्ही कप्प्यांना वेगवेगळं, माणसाला उचलता येईल असं, आणि जमिनीपेक्षा सहा इंच वर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, ते तू पाहिलंस. तुझं घर नदीपासून लांब आहे, तरी बेसा-पिपळ्याकडच्या सखल रस्त्यांवर पाऊस साचतोच. तो टाकीत शिरला की सगळा गाळ ढवळून वर येतो. झाकणावर टाइल नको, कुंड्यांची रांग नको. आमच्या टाइल्स फोडायला लागल्या तसं तुझ्यावर येऊ नये.

मनू, आता जमिनीचं. आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे आणि मिस्त्री यावर एक शब्द बोलत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती फुगली की विटांच्या भिंतीला दाबते आणि आकसली की आधार काढून घेते. म्हणून टाकी काळ्या मातीत टेकवायची नाही. मुरूम लागेपर्यंत खणायचं, आणि भिंतीच्या बाहेरची मोकळी जागा त्याच काळ्या मातीने न बुजवता मुरमाने भरून ठोकून घ्यायची. शक्य झालं तर भिंती काँक्रीटच्याच कर. विटांच्या करणार असाल तर आतून दाट सिमेंटचा गिलावा, कोपऱ्यांत गोलाई, आणि तळाला काँक्रीट. तळाला काँक्रीट घातलं की नाही, ते स्वतः बघ.

काळी माती पाणी पितही नाही. एकदा भिजली की लोण्यासारखी बसते. आमचा शोषखड्डा म्हणूनच भरला होता. तुझ्या जमिनीत पाणी मुरेल का, हे कुणाला विचारत बसू नकोस, मोजून बघ. शोषखड्डा जिथे येणार तिथे, जेवढ्या खोलीवर पाणी मुरवायचंय तेवढ्या खोलीवर, सब्बलीने वीतभर रुंद खड्डा कर. भिंती थोड्या खरवडून घे, तळाला दोन बोटं रेती टाक. आदल्या दिवशी त्यात पाणी भरून रात्रभर मुरू दे, म्हणजे माती पावसाळ्यासारखी ओली होईल. सकाळी परत पाणी भर, पट्टी उभी कर आणि घड्याळ लाव. एक इंच पाणी उतरायला तीस मिनिटांपेक्षा कमी लागली तर शोषखड्डा चालेल. तीस ते साठ लागली तर एक खड्डा पुरणार नाही, गिट्टी भरून लांब चर घ्यावे लागतील. तासापेक्षा जास्त लागला तर तिथे पाणी मुरवायचा नाद सोडायचा, दुसरी वाट धरायची. आम्ही नंतर हे केलं तेव्हा काळ्या मातीत तासाभरात पट्टी जवळजवळ हललीच नाही, आणि चार फूट खाली मुरमात वीस मिनिटांत इंचभर पाणी गेलं. एकाच अंगणात एवढा फरक. तेच चार फूट आधी कुणी खणले असते तर माझ्या महालक्ष्म्यांचं जेवण तसं झालं नसतं.

शोषखड्डा निदान ९० सेंटिमीटर रुंद आणि पाइपाच्या खाली निदान १ मीटर खोल हवा. विटांची गोल भिंत, सांध्यांत सिमेंट न भरता, आणि बाहेरून तीन इंच गिट्टीचा थर.

आणि बोअर. हे वाचताना कागद-पेन घे. नियम म्हणतो, शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून १८ मीटर लांब आणि राहत्या घरापासून ६ मीटर लांब असावा. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. तुझा प्लॉट ३० बाय ५० चा. त्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण काढ, ५८ फूट येतो. म्हणजे एका कोपऱ्यात बोअर आणि दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात खड्डा, असं केलं तरी नियम बसत नाही. शिवाय शेजारचा बोअर आहेच, आणि तोही कुंपणाला लागून. आपल्याकडच्या पंधराशे फुटांच्या ले-आउटमध्ये घरोघरी बोअर आणि घरोघरी खड्डा, दोन्ही शेजारी शेजारी उभे आहेत. माणसं तेच पाणी पितात, आणि पोरांची पोटं बिघडली की बाहेरच्या पाणीपुरीला बोल लावतात.

यावर माझं मत ऐक. बोअरचं पाणी धुणं, भांडी, झाडं यांनाच वापर. पिण्यासाठी नळ येईपर्यंत टँकर किंवा कॅन घ्यावा लागला तरी चालेल. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बोअरचं पाणी तपासून घे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. त्यात दोन गोष्टी आवर्जून विचार, जिवाणू आणि नायट्रेट. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट उकळून जात नाही, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला त्याचा मोठा धोका असतो. तुझ्या धाकटीसाठी दूध कालवतेस त्या पाण्याचं बोलतेय मी.

पाणी मुरत नसेल किंवा बोअर फारच जवळ असेल तर दुसरी वाट आहे, आणि तिचं माहेर आपलंच नागपूर आहे. वर्धा रोडवरची नीरी तू रोज बघतेस. १९५८ साली ती सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणूनच सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. म्हणजे मैलापाणी हाच तिचा मूळ विषय. त्यांनी फायटोरिड नावाची पद्धत काढली. पाणी गिट्टीच्या थरातून, झाडांच्या मुळांमधून सावकाश न्यायचं, तिथे मुळांवरचे जिवाणू उरलेली घाण खातात. घरच्या मापात हे असं होतं: टाकीनंतर एक गाळणीचा कप्पा, त्यात पाणी खालून शिरून गिट्टीतून वर चढतं, आणि मग तळ पक्का केलेला लांबट वाफा, गिट्टी भरून कर्दळ लावलेला. पाणी गिट्टीच्या आतूनच चालायला हवं, वर दिसलं तर डास होतील. हे काम नुसत्या मिस्त्रीच्या भरवशावर करू नकोस, जाणत्या इंजिनिअरकडून माप काढून घे. आमच्या मागच्या अंगणात आता कर्दळीची रांग आहे ना, तू फोटो काढून नेलास ती, तिच्याखाली हेच आहे.

पण नालीत सोडू नको, मनू. सगळे सोडतात म्हणून ठेकेदार सांगेल. आमचा तर म्हणाला होता, "काहून एवढं टेन्शन घेता जी ताई, लाइन लावून देतो नालीत, झालं काम." नियमात ते स्पष्ट मना आहे. आणि ते पाणी जातं कुठे? नाली नाल्यात, नाला नाग नदीत, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण आहे. आपल्या मावशीचं गाव त्याच काठावर आहे. भंडाऱ्याकडची माणसं कितीतरी वर्षं ओरडताहेत, की नागपूरची घाण आमच्या पाण्यात येते. शहरातल्या गडर लाइनीचं बरंच पाणी तरी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि तिथून कोराडीच्या वीज केंद्राला जातं. तुमच्याकडे गडर लाइन येईल तेव्हा जोडून घेता यावं म्हणून रस्त्याच्या बाजूला एक चेंबर आणि पाइप आत्ताच बुजवून ठेव. तोवर आपलं पाणी आपल्याच अंगणात संपवायचं.

एक चूक हमखास होते. न्हाणीचं, धुण्याचं आणि स्वयंपाकघराचं पाणी सगळं एकाच पाइपाला जोडतात. एवढं पाणी टाकीतून धो धो गेलं की गाळ बसायला उसंत मिळत नाही. ते वेगळं काढ. स्वयंपाकघराच्या पाइपावर तेल अडवायचा छोटा चेंबर ठेव आणि दर पंधरा दिवसांनी वरचं तेल काढून टाक. आपल्या घरी सावजी रस्सा झाला की त्या चेंबरात काय थर साचतो ते तुला कळेलच. मग ते पाणी केळीला, पपईला सोड. गच्चीचं पावसाचं पाणी तर टाकीच्या वाऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही.

तयार प्लास्टिकच्या टाक्या मिळतात, त्या वाईट नाहीत. पण सेप्टिक टँकसाठी म्हणून बनवलेली, कप्पे असलेलीच घे. गच्चीवरची पाण्याची टाकी जमिनीत पुरली तर मातीच्या दाबाने चेपते. आणि पुरताना आत पाणी भरत भरत बाहेरून मुरूम भरायचा. रिकामी ठेवली आणि पाऊस आला तर खालच्या पाण्याने ती वर उचलली जाते.

काम नवतप्याच्या आधी सुरू कर. तेव्हा जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं आणि खड्डा कोरडा मिळतो. बांधून झाली, गिलावा वाळला, की झाकायच्या आधी टाकी पाण्याने पूर्ण भर. एक दिवस सिमेंट पाणी पिईल, तेवढं परत भर आणि खडूने रेघ मार. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली उतरलेलं दिसलं तर टाकी गळते. मिस्त्रीला तिथेच दाखव आणि दुरुस्त करून घे. शेवटचा हप्ता ही रेघ बघून दे. मग ते पाणी काढायचं नाही. त्यातच बादलीभर कुजलेलं शेण कालवून टाक. दूध विरजायला जसं विरजण लागतं, तसं जिवाणूंना ते लागतं. पुढे बाजारातल्या कुठल्याच पावडरी टाकायची गरज नाही.

वापरताना पॅड, डायपर, ओले वाइप्स, केस, उरलेली भाजी काहीही भांड्यात टाकू नकोस. ऍसिड आणि फिनाइल बाटलीने ओतलं की टाकीतले जिवाणू मरतात. भांडं ब्रशने घास, साबणाचं पाणी पुरतं. तुझ्या सासूबाईंना हे समजावायला तुला जड जाईल, त्यांना फिनाइलचा वास आला की स्वच्छ वाटतं. त्यांना मी सांगेन.

आता मी मघाशी राखून ठेवलेलं सांगते.

त्या महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर उपसायला आलेल्या दोघांतला एक, विशी-बाविशीचा पोरगा, शर्ट काढून कमरेला दोर बांधायला लागला. पायात चप्पलही नाही. पाइपने निघत नाही तेवढं आत उतरून बादलीने काढतो म्हणाला. आम्ही सगळे गप्प उभे होतो. मीसुद्धा गं. मला फक्त ते लवकर संपायला हवं होतं, घरात पाहुणे होते. सासूबाई आतून आल्या, त्याच्या हातातला दोर सोडवला आणि म्हणाल्या, "कोणाच्या लेकराला आत उतरवायचं नाही. राहू दे तुंबलेलं." त्याला ओसरीवर बसवून पुरणपोळी वाढली. मशीनची गाडी तिसऱ्या दिवशी आली. तोवर आम्ही शेजाऱ्यांकडे जात राहिलो.

मला तेव्हा कायदा माहीत नव्हता. २०१३ चा कायदा आहे, माणसाला असं टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि उतरवणाऱ्याला पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. असे मृत्यू थांबत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण मला कायद्याआधी त्या पोराची उघडी पाठ आठवते. पाच मिनिटांत तो आत बेशुद्ध पडला असता, आणि त्याला काढायला दुसरा उतरला असता. असंच होतं दरवेळी, पेपरात वाचतेसच तू. म्हणून झाकण असं ठेव की गाडीचा पाइप तळापर्यंत पोचेल, आणि टाकी अशा जागी ठेव की गाडी फाटकापर्यंत येईल. कुणाला आत जायची वेळच येऊ नये.

दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची, तुंबायची वाट न बघता. साताऱ्यातल्या वाईने २०१८ पासून गावातल्या घरांच्या टाक्या दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसायची पद्धत लावली, आणि तो गाळ शुद्ध करायचा प्रकल्पही उभा केला. नाशिकजवळच्या सिन्नरनेही तेच केलं. तुमच्या नगरपंचायतीत विचार, गाडी आहे का, आणि गाळ नेऊन टाकतात कुठे. चार बायका मिळून विचाराल तर उत्तर मिळेल. उपसताना गाडीवाल्याला सांग, तळाला बोटभर गाळ राहू दे, तेच पुढचं विरजण. आणि टाकी कुठे, झाकण कुठे, पाइप कुठून गेला याचं रेखाटन करून घराच्या कागदांच्या फाइलीत ठेव. उपसल्याची तारीख त्याच कागदावर लिहीत जा.

येत्या रविवारी सकाळी मी येतेय. सब्बल, बादली आणि पोरीच्या कंपासमधली पट्टी काढून ठेव. शनिवारी जावयांकडून खड्डा खणून घे आणि पाणी भरून ठेव, विसरू नकोस. आणि मिस्त्रीला आजच सांग, टाकीवर स्लॅब टाकायचा दिवस ताईला विचारल्याशिवाय ठरवायचा नाही.